पुरुषाला चार शब्द सुनावणारी जाहिरात: ऐकवते कोणाला, विकते कोणाला? (चर्चामंचावरचा धागा; सदस्य टोपणनावांनी लिहितात)

तळटीप:

जाहिरातींनी विषारी पुरुषत्वावर बोलावे की बोलू नये, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. त्या बोलतातच, आणि पुढेही बोलत राहतील. मला या धाग्यात जरा व्यवहारी प्रश्न मांडायचा आहे. पुरुषाच्या वागण्याला नावे ठेवणारी जाहिरात जी वस्तू विकत असते, ती वस्तू दुकानात कोण निवडते? गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या जाहिराती आठवून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, खरेदीचा निर्णय बाईच्या हाती असेल तिथे जाहिरात पुरुषाचा कान धरते, आणि निर्णय पुरुषाच्या हाती असेल तिथे ती त्याची पाठ थोपटते. याला ठळक अपवाद मला एकच दिसतो, आणि त्या अपवादावर केवढा गदारोळ झाला हे आपल्याला आठवत असेलच.

तो अपवाद जिलेटचा. १९८९ पासून ‘द बेस्ट अ मॅन कॅन गेट’ या ओळीवर रेझर आणि पाती विकणाऱ्या या कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत एक चित्रफीत काढली आणि आपल्याच जुन्या ओळीवर प्रश्नचिन्ह लावले. चित्रफीत दोन मिनिटांचीही नाही. दिग्दर्शिका किम गेह्रिग. तिच्यात एका मुलाच्या मागे लागलेले पोरांचे टोळके आहे. बैठकीत सहकारी स्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून ‘तिला काय म्हणायचे आहे ते मी सांगतो’ अशा थाटात तिचे बोलणे आपल्याकडे घेणारा साहेब आहे. आणि हिरवळीवर दोन लहान मुलगे एकमेकांना लोळवत असताना शेगड्यांच्या लांबच लांब रांगेमागे हाताची घडी घालून उभे असलेले, ‘बॉईज विल बी बॉईज’ हे एकच वाक्य आळीपाळीने म्हणणारे बाप आहेत. मग सूर बदलतो. कोणी रस्त्यात मित्राला अडवतो, कोणी भांडणाऱ्या मुलांना सोडवतो. सोबत तीन वर्षे दरवर्षी १० लाख डॉलर सामाजिक संस्थांना देण्याची घोषणा होती. यूट्यूबवर नापसंतीचा आकडा पसंतीच्या कितीतरी पुढे गेला आणि बहिष्काराच्या हाका उठल्या.

मला ती चित्रफीत कलाकृती म्हणून फार थोर वाटत नाही. शेगड्यांची रांग सोडली तर बाकीचा भाग शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखा आहे. पण तिने एक गोष्ट अशी केली की जी जाहिरात व्यवसायात सहसा कोणी करत नाही. ती स्वतःच्या गिऱ्हाइकाशी, म्हणजे रोज सकाळी आरशासमोर उभ्या राहणाऱ्या पुरुषाशी, त्याला न आवडणारे बोलली.

आता त्याच मालकाची, प्रॉक्टर अँड गँबलची, भारतातली जाहिरात पाहा. एरियलच्या ‘शेअर द लोड’ या मोहिमेतली २०१६ ची चित्रफीत अनेकांना पाठ असेल. वडील लेकीच्या घरी आले आहेत. लेक कार्यालयातून येते, फोनवर बोलता बोलता स्वयंपाक करते, मुलाचे पाहते, पसारा आवरते. जावई दूरदर्शन संचासमोर बसलेला आहे. वडिलांना भरून येते, ते लेकीची चिठ्ठीतून क्षमा मागतात, आणि आपल्या घरी जाऊन स्वतःचे कपडे यंत्रात टाकतात. गौरी शिंदे यांनी ही चित्रफीत फार संयमाने केली आहे, आणि मलाही ती पाहताना गलबलून आले होते. परंतु एकदा जावयावर नजर ठेवून ती पाहावी. सगळी चित्रफीत संपते तरी त्याला कोणी एक शब्द बोललेले नसते. अपराधाची कबुली सासऱ्याकडून आली, ती लेकीला पोहोचली, प्रेक्षक असलेल्या स्त्रीचे डोळे पाणावले, आणि ज्याच्याकडून भार उचलला जायचा तो माणूस खुर्चीतून उठलादेखील नाही. हा दोष लेखनाचा नाही, तो हिशेबाचा आहे. साबणाची पावडर घेणारी ती आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले होते. शिवाय असे काही काम करणारे पुरुषच शंभरात सुमारे २६ होते. हे अंतर जावई उठल्याशिवाय भरून निघणारे नाही.

हॅवेल्सच्या कॉफीयंत्राची आणि मिक्सरची ‘मी काही स्वयंपाकघरातले उपकरण नव्हे’ असे सांगणारी मालिका, किंवा मुलगे लहान असल्यापासून त्यांना ‘रडू नकोस’ म्हणणारी माणसे दाखवत शेवटी बायकोचा हात पिरगाळणाऱ्या तरुणापर्यंत येणारी आणि माधुरी दीक्षित-नेने यांच्या निवेदनाने संपणारी ‘व्होग’ या फॅशन मासिकाची २०१४ ची चित्रफीत, यांचेही गणित तेच आहे. ती चित्रफीत मला या सगळ्यांत उत्तम वाटते. पण ‘व्होग’ घेते कोण?

उलट बाजूला बजाज ऑटो आहे. १९८९ साली ‘हमारा बजाज’ म्हणत बायको, मूल आणि भाजीची पिशवी एकाच स्कूटरवर बसवणाऱ्या आकुर्डीच्या या कंपनीने २००१ मध्ये पल्सर आणली ती ‘डेफिनेटली मेल’ या ओळीवर. संसारी पुरुषाला स्कूटर आणि एकट्या मर्दाला मोटारसायकल, अशी वाटणी बारा वर्षांत झाली, आणि विक्रीच्या दृष्टीने ती यशस्वी झाली हे नाकारता येत नाही. इम्पीरियल ब्लू या व्हिस्कीचे ‘मेन विल बी मेन’ तर वर्षानुवर्षे चालू आहे. उद्वाहकात एक देखणी स्त्री शिरते, आत असलेले दोन पुरुष श्वास रोखून पोटे आत ओढतात, मागे संथ गझल वाजते, आणि आपण हसतो. मीही हसलो आहे. जिलेटने शेगड्यांमागच्या बापांच्या तोंडी जे वाक्य आरोप म्हणून घातले, जवळपास तेच वाक्य इथे घोषवाक्य आहे, आणि त्यावर बहिष्काराची हाक कोणी दिली नाही.

तर सदस्यांनी आपापली मते मांडावीत. विशेषतः, स्वतःच्या पुरुष ग्राहकाला नाराज करण्याची जोखीम घेतलेली दुसरी एखादी जाहिरात कोणाला आठवत असेल तर जरूर सांगावी.

घाटमाथा:

तळटीप यांनी प्रश्न चांगला मांडला आहे, पण त्यात एक गृहीतक न तपासता आत आले आहे. जिलेटवर चिडलेला प्रत्येक पुरुष दुखावलेल्या अहंकारापोटीच चिडला, असे ते धरून चालतात. मी ती चित्रफीत पाहिली तेव्हा मला राग आला तो वेगळ्या कारणाने. ज्या कंपनीने तीस वर्षे मला सांगितले की गुळगुळीत हनुवटी, भारी गाडी आणि खांद्याला रेललेली बाई म्हणजे पुरुषाचे सर्वोत्तम रूप, तीच कंपनी एके सकाळी मला विचारते की ‘हेच का तुमचे सर्वोत्तम रूप?’ अहो, हे रूप रंगवले कोणी? भारतात २००९ मध्ये याच जिलेटची ‘आळशी खुंटांविरुद्ध स्त्रिया’ अशा अर्थाची मोहीम होती, जिच्यात दाढी न करणाऱ्या पुरुषाला बायकांनी नाकारावे असे सुचवले जात होते. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये तीच कंपनी पुरुषांना ‘स्त्रियांसाठी सैनिक व्हा’ असे सांगू लागली. आधी बाई हे दाढी केल्याचे बक्षीस, मग बाई ही रक्षण करण्याची वस्तू, आणि मग २०१९ मध्ये आम्हाला तास. स्वतःच्या जुन्या जाहिरातींबद्दल चकार शब्द न काढता दुसऱ्याला आत्मपरीक्षण करायला सांगणे हा निव्वळ दांभिकपणा आहे, आणि सामान्य माणसाला दांभिकपणाचा वास पटकन येतो.

दुसरे म्हणजे, जाहिरातींत पुरुष मूर्ख दाखवला तर चालतो, याकडे कोणी पाहायचे? ब्रिटनमध्ये १४ जून २०१९ पासून हानिकारक लिंगाधारित साचे दाखवणाऱ्या जाहिरातींवर बंदीचा नियम लागू झाला आणि त्याखाली पहिल्या ज्या दोन जाहिराती बंद झाल्या, त्यांतली एक फिलाडेल्फिया चीजची होती. दोन नवे बाप खाण्याच्या नादात तान्ही मुले फिरत्या पट्ट्यावर विसरतात, असा तो विनोद होता. शंभराहून जास्त लोकांनी तक्रार केली. आपल्याकडे ज्याला चहासुद्धा करता येत नाही असा नवरा हा जाहिरातीतला कायमचा विदूषक आहे, आणि त्याने कोणाचे भले होते? बाईचे तर मुळीच नाही, कारण अशा विदूषकाच्या हाती कोण मूल सोपवील?

रेघ:

मी मुंबईत जाहिरातलेखनाच्या व्यवसायात आहे, त्यामुळे थोडे आतले सांगते. ग्राहकाचे नाव सांगणार नाही.

तळटीप यांचे निरीक्षण बरेचसे बरोबर आहे, पण हे कोणी कट करून ठरवत नाही. आमच्याकडे ब्रीफ, म्हणजे काय हवे हे सांगणारा कंपनीचा कागद, येते, त्यात पहिल्याच पानावर टार्गेट ऑडियन्स लिहिलेला असतो: वय, शहर, उत्पन्न गट, स्त्री की पुरुष. ‘हिला काय टोचते’ हा प्रश्न कपड्यांच्या साबणाच्या ब्रीफमध्ये सहज येतो आणि उत्तर येते की, नवरा हात लावत नाही. डिओडरंटच्या किंवा मोटारसायकलच्या ब्रीफमध्ये ‘याला काय हवे आहे’ असा प्रश्न येतो आणि उत्तर येते की, याला दखल घेतली जायला हवी आहे. तेवीस वर्षांच्या मुलाला मनात असलेली भीती, की आपण कोणाच्या खिजगणतीत नाही, ही अगदी खरी भीती आहे. तिच्यावर फुंकर घालणारी ओळ लिहिणे सोपे, आणि तिच्याकडे बोट दाखवणारी ओळ मान्य करून घेणे फार अवघड. एकदा आम्ही पुरुषांच्या वापरातल्या एका वस्तूसाठी अशी कथा नेली होती की, मित्रांच्या घोळक्यात एक जण घाणेरडा विनोद सांगतो आणि नायक हसत नाही, एवढेच. पलीकडच्या विपणन प्रमुखांनी शांतपणे विचारले, ‘मग आपला गिऱ्हाईक यातला कोणता?’ खोलीत कोणालाही उत्तर देता आले नाही, आणि कथा तिथेच मिटली. प्रश्न वाईट नव्हता. विनोद सांगणारा आणि त्यावर हसणारे सहा जण हेच आमचे गिऱ्हाईक होते.

मात्र अपवाद एकच, हे मला मान्य नाही. रेमंड विसरून कसे चालेल? ठाण्याच्या या गिरणीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘द कम्प्लीट मॅन’ ही मालिका चालवली. तिच्यात पुरुष तान्ह्या बाळाला कवेत घेतो, म्हाताऱ्या शिक्षकांना निरोप देताना गहिवरतो, कुत्र्याच्या पिल्लांशी खेळतो. मागे शूमनची पियानोवरची ती हळुवार धून. पुढे एका जाहिरातीत तर बायको कामावर जाते आणि बाळासाठी नवरा घरी थांबतो. सूट घेणारा पुरुषच होता की नाही? आणि कोणाचाही कान न धरता हे झाले. ‘असा नसशील तर तू वाईट’ असे न म्हणता ‘असा असशील तर तू पूर्ण’ असे म्हटले गेले. एका पिढीतल्या मुलांना हळवेपणा आणि रुबाब एकत्र नांदू शकतात हे मी म्हणेन की पहिल्यांदा रेमंडनेच दाखवले.

तळटीप:

रेमंडचे उदाहरण वजनदार आहे, आणि माझ्या विधानाला ते मर्यादा घालते हे मान्य. पण दोन गोष्टी. त्या मालिकेत हळवेपणाची किंमत पुरुषाला कधीच मोजावी लागत नाही. घर प्रशस्त असते, बायको प्रसन्न असते, कोणी मित्र त्याला ‘बायल्या’ म्हणत नाही. घरी थांबलेल्या त्या नवऱ्याला सोमवारी साहेबाने काय ऐकवले, हे आपल्याला दिसत नाही. दुसरे असे की, रेमंडचे कापड मोठ्या प्रमाणावर लग्नात घेतले जाते, आणि लग्नाच्या बस्त्याला मुलगा एकटा जात नाही. आई, बहीण, होणारी बायको यांच्यासमोर तो कापड निवडतो. तो पूर्ण पुरुष कोणाच्या नजरेतून पूर्ण आहे, हे त्यावरून ठरते.

घाटमाथा यांनी जिलेटच्या भूतकाळाबद्दल लिहिले ते मी मूळ लेखात घ्यायला हवे तितके महत्त्वाचे आहे. तरीही दांभिक माणसाने खरे सांगितले तर ते खोटे होत नाही.

सातासमुद्र:

मी न्यू जर्सीत राहते आणि तो सगळा गोंधळ इथे बसून पाहिला आहे. एक तपशील चर्चेत यायला हवा. अमेरिकेत घरातल्या पुरुषांसाठी पाती आणणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. महिन्याच्या सामानात ती येतात. शिवाय जिलेटचाच व्हीनस हा स्त्रियांसाठीचा ब्रँड आहे, आणि गुलाबी रंग लागला की तेच रेझर महाग का होते, हा इथल्या स्त्रियांचा जुना प्रश्न आहे. त्या वेळी अनेकींनी हेच विचारले की, समतेचा एवढा कळवळा असेल तर आधी किमतीचे बघा. त्यामुळे जिलेटने निव्वळ पुरुष ग्राहकाला अंगावर घेतले, हे चित्र तळटीप यांनी रंगवले आहे तितके शुद्ध नाही.

दुसरा तपशील आकड्यांचा. २०१९ च्या उन्हाळ्यात प्रॉक्टर अँड गँबलने जिलेटच्या व्यवसायाचे मूल्य सुमारे ८ अब्ज डॉलरनी कमी करून दाखवले, आणि लगेच ‘पाहा, पुरुषांना शिकवायला गेले आणि बुडाले’ अशा गोष्टी फिरू लागल्या. माझ्या माहेरच्या व्हॉट्सॲप गटावरही ती गोष्ट आली होती. खरे कारण कंटाळवाणे होते. डॉलरच्या तुलनेत इतर चलने घसरली होती, दाढी ठेवण्याची पद्धत वाढल्यामुळे पुरुष कमी वेळा दाढी करत होते, आणि घरपोच स्वस्त पाती देणारे नवे स्पर्धक आले होते. २००५ मध्ये ५७ अब्ज डॉलर मोजून घेतलेल्या कंपनीचे मूल्य तेवढे राहिले नव्हते, ते कागदावर खाली आणले गेले. एका चित्रफितीने ८ अब्ज बुडत नाहीत. तसेच, एका चित्रफितीने पुरुषही सुधारत नाहीत, हे दुसऱ्या बाजूने लक्षात ठेवावे.

आणि भारतात त्याच वर्षी जिलेटने काय केले, ते कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. उत्तर प्रदेशातल्या बनवारी टोला गावात वडील आजारी पडल्यावर दोन बहिणींनी मुलांचा वेश घेऊन त्यांचे केशकर्तनालय चालवले होते. त्यांच्यावर चित्रफीत झाली, आणि पुढे सचिन तेंडुलकरने त्यांच्याकडून दाढी करून घेतली. कथा एका लहान मुलाच्या नजरेतून येते. बाईच्या हातात वस्तरा पाहून तो बुचकळ्यात पडतो आणि त्याचा बाप एका वाक्यात विषय मिटवतो, की वस्तऱ्याला काय कळते मुलगा कोण आणि मुलगी कोण. गावचे पुरुष खुर्चीत मान मागे टाकून बसतात. तिथे कोणाचा निषेध झाला नाही आणि कोणी बहिष्कार घातला नाही. मला ही पद्धत अमेरिकेतल्या पद्धतीपेक्षा सरस वाटते, कारण अनोळखी मुलीच्या हातातल्या पात्यासमोर गळा उघडा करून बसणे यात पुरुषाला खरोखर काहीतरी सोडावे लागते.

मधली आळी:

सर्वांचे लेखन वाचले. सगळे बोलणे दूरचित्रवाणी आणि यूट्यूबवर चालले आहे. मी तालुक्याच्या गावी राहतो. आमच्याकडे पुरुषत्वाची सर्वांत मोठी जाहिरात बस स्थानकासमोरच्या चौकात लागते आणि तिचे नाव फ्लेक्स. वाढदिवस कोणा ‘भाऊं’चा असतो. मध्यभागी भाऊ पांढऱ्या कपड्यांत, काळा चष्मा, गळ्यात साखळी, हात पुढे करून चालत येत आहेत. मागे वाघ किंवा सिंह, आणि विजेचा लोळ. खाली तीन ओळींत पासपोर्ट आकाराची तीस-चाळीस तोंडे, ‘शुभेच्छुक’ म्हणून. त्या तोंडांत बहुतेक मुले वीस-बावीस वर्षांची, नोकरी नसलेली, वर्गणी काढून स्वतःचे तोंड तिथे छापून आणणारी असतात. फ्लेक्सवाल्याकडे संगणकात तयार साचे आहेत. फक्त डोके बदलायचे. मी त्याला एकदा विचारले की, कोणाला मुलांसोबत, आईसोबत, काम करताना असा फोटो लावायचा नसतो का? तो म्हणाला, ‘सर, तसा फोटो श्रद्धांजलीला लागतो.’

रेघ यांनी लिहिलेली ‘खिजगणतीत नसण्याची’ भीती हीच आहे, फक्त इथे मुलगा ग्राहकही आहे आणि मालही तोच आहे. जिलेटसारखी कंपनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, एरियल त्याच्या आईपर्यंत पोहोचते. त्याच्यापर्यंत काय पोहोचते? महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, परंतु वेलचीच्या नावाने ‘जुबां केसरी’ म्हणणारे नट प्रत्येक टपरीवर आहेत. चित्रपटगृहात खेळाआधी अक्षय कुमार ‘फू-फू करून हिरो होता येत नाही, त्या पैशांत बायकोसाठी पॅड घे’ असे सांगत असे. पुरुषाला बायकोच्या पाळीविषयी, लाज न बाळगता, पुरुषानेच बोलायचे ही गोष्ट आमच्या गावात मोठी होती. मागच्या रांगांत मुले हसायची, पण ऐकायची. पुढे २०२२ मध्ये तोच अभिनेता वेलचीच्या जाहिरातीत दिसला, लोकांनी झोडपल्यावर त्याने क्षमा मागून माघार घेतली. माघार घेतली याचे श्रेय देतो. पण टपरीवरच्या मुलाने यातून काय शिकावे, हे मला अजून उमगलेले नाही.

ओसरी:

तळटीप यांनी विचारले आहे की, पुरुषाला थेट बोलणारी दुसरी जाहिरात कोणाला आठवते का. मला आठवते, पण ती काहीच विकत नव्हती. १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये एक छोटी जाहिरात दिली होती. आशय असा: बायका मारहाणीसाठी नसतात असे मानणारे पुरुष हवे आहेत, स्त्रियांवरची हिंसा थांबवण्यासाठी काही करायची इच्छा असेल तर लिहा. चित्र नाही, संगीत नाही, नट नाही. ‘पाहिजेत’च्या स्तंभात शोभेल अशी. २०५ पुरुषांनी पत्रे पाठवली. त्यांतून १९९३ मध्ये मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’, ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी त्या सुरुवातीपासूनच्या मंडळींतले. पुढे त्यांनी ग्रामीण महाविद्यालयांतल्या मुलांसोबत काम केले, आणि मराठीतून पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेला अंकही काढला.

आम्ही स्त्रियांच्या संघटनेत काम करणाऱ्या त्या वेळी या प्रकाराकडे थोड्या संशयानेच पाहत होतो, कारण आता हेही पुरुषच सांगणार का, असे वाटे. मात्र त्या जाहिरातीतली एक चतुराई आज या चर्चेच्या निमित्ताने ठळकपणे दिसते. तिने पुरुषांना ‘तुम्ही वाईट आहात’ असेही म्हटले नाही आणि रेमंडसारखे ‘तुम्ही पूर्ण आहात’ असेही म्हटले नाही. तिने त्यांना काम दिले. कामाच्या जाहिरातीला माणूस अर्ज करतो, भाषणाच्या जाहिरातीला टाळ्या वाजवतो किंवा शिव्या देतो. घाटमाथा, तुमचा राग मला समजतो. तुम्ही त्या जाहिरातीला उत्तर लिहिले असते का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

घाटमाथा:

ओसरीताई, प्रामाणिकपणे सांगतो, बहुधा लिहिले असते. तिच्यात मी आरोपी नाही, उमेदवार आहे.

पण मला एक गोष्ट अजून खटकते. या सगळ्या जाहिरातींत पुरुषाने बदलायचे ते बाईसाठी. स्वतःसाठी काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्या करणाऱ्यांत १०० मागे जवळपास ७२ पुरुष होते. कर्ज, रोजगार, आजार, व्यसन, घरातले कलह अशी कारणे दिलेली असतात. ‘कोणाला सांगता आले नाही’ असा रकाना नसतो. विषारी पुरुषत्वाचे विष आधी ज्याच्या अंगात भिनते, त्याच्याशी ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून बोलणारी जाहिरात मी आयुर्विमा कंपनीकडूनसुद्धा पाहिलेली नाही. तिथे बाप मेल्यावर फोटोला हार घातलेला दाखवतात आणि सांगतात की त्याने सोय करून ठेवली होती. मेलेला कर्तबगार बाप विकला जातो, घाबरलेला जिवंत बाप विकला जात नाही.

रेघ:

घाटमाथा, शेवटचे वाक्य मी उद्या कार्यालयात वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी गृहीत धरून.

नियमनाविषयी दोन ओळी लिहून थांबते, कारण मधली आळी यांच्या फ्लेक्सपर्यंत कोण पोहोचणार हा प्रश्न लोंबकळतो आहे. मुंबईतली ॲस्की ही जाहिरातदारांनीच १९८५ मध्ये स्थापन केलेली स्वनियमन संस्था आहे. जून २०२२ मध्ये तिने लिंगाधारित हानिकारक साच्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात स्त्रियांबरोबर पुरुषांचाही विचार आहे. साच्यात न बसणाऱ्याची टिंगल करून विक्री करू नये, असा त्याचा रोख आहे. योगायोग असा की, त्याच महिन्यात लेयर शॉट या डिओडरंटच्या जाहिराती आल्या. चार तरुण, एक मुलगी, आणि ‘शॉट कोण घेणार’ हा द्व्यर्थी संवाद. सामूहिक बलात्काराच्या भीतीवर बेतलेला विनोद. लोक भडकले, माहिती व प्रसारण मंत्रालयाने ट्विटरला आणि यूट्यूबला त्या काढायला लावल्या, कंपनीने क्षमा मागितली. म्हणजे टोकाचे उदाहरण असेल तर यंत्रणा हलते. २००७ मध्ये अंतर्वस्त्रांच्या दोन जाहिरातींवर मंत्रालयाने बंदी घातली तेव्हाही हललीच होती, पण तेव्हा आक्षेप अश्लीलतेचा होता, पुरुषाच्या चित्रणाचा नव्हता. हा फरक पंधरा वर्षांत पडला आहे आणि तो लहान नाही.

मात्र ‘मेन विल बी मेन’ कोणत्याही नियमात अडकत नाही आणि अडकूही नये, असे माझे मत आहे. पोट आत ओढणाऱ्या दोन पुरुषांवर बंदी घालायला निघालेला समाज मला नको. २०२५ मध्ये तो ब्रँड विकत घेण्याचा करार श्रीरामपूरच्या मातीतून वाढलेल्या टिळकनगर इंडस्ट्रीजने केला. त्यामुळे त्या ओळीचे पुढे काय करायचे, हे यापुढे आधीच्या मालकांच्या पॅरिसऐवजी महाराष्ट्रातल्या एका कंपनीत ठरेल. माझा व्यावसायिक अंदाज विचाराल तर ती ओळ कोणी बदलणार नाही. ज्या ओळीवर पुरुष स्वतःला हसून घेतो आणि तरीही काहीच बदलावे लागत नाही, अशी ओळ आमच्या व्यवसायात कोणी हातची सोडत नाही.

तळटीप:

पॅरिसहून श्रीरामपूरला, हे मला ठाऊक नव्हते. रेघ, तुमच्या त्या मिटलेल्या कथेबद्दल एक विचारायचे राहिले. विनोदावर न हसणाऱ्या त्या नायकाकडे बाकीचे सहा जण शेवटी कसे पाहतात, हे तुम्ही लिहिले होते का? माझ्या मते विपणन प्रमुखांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते. त्या सहांतला एक जण जर दुसऱ्या वेळी हसताना किंचित थांबला असता, तर तो तुमचा गिऱ्हाईक.

रेघ:

लिहिले होते. तेवढ्यासाठी आम्हाला आणखी पाच सेकंद हवे होते, आणि तीस सेकंदांच्या जाहिरातीत शेवटचे पाच सेकंद वस्तूच्या डबीचे असतात.